आबांनी काशीत सोडलेला फणस

"फणस," आक्का म्हणाली.

खोलीत आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको वृंदा आणि पुण्याहून तातडीनं आलेले भाऊकाका. वृंदाच्या हातात पेजेची वाटी होती. आक्काचा ताप आठवडाभर उतरत नव्हता, पोटात अन्न जात नव्हतं, आणि सकाळी डॉक्टर दाराशी हळू आवाजात सांगून गेले होते की आता त्यांना आवडेल ते द्या. म्हणून वृंदानं विचारलं होतं, "आक्का, काय खावंसं वाटतंय?"

"काय म्हणाली ती?" भाऊकाकांनी मला विचारलं. त्यांना ऐकू उत्तम येत होतं.

"फणस," आक्कानं डोळे न उघडता पुन्हा सांगितलं. "कापा आणा. बरका नको. गिळगिळीत असतो मेला."

भाऊकाकांनी कपाळाला हात लावला. "तापात बरळायला लागली," ते म्हणाले.

या गोष्टीला आता वीस-पंचवीस वर्षं झाली. भाऊकाकांना एवढा धक्का का बसला ते आधी सांगायला हवं. दाभोळच्या खाडीकाठी आमचं कुडवळ गाव, आणि त्या गावात आम्हा खांबेट्यांचं एकच घर असं, जिथं फणस चालत नसे. पिकलेला नाही, कोवळ्या कुयरीची भाजी नाही, आठळ्या नाहीत, सांदणं नाहीत, फणसपोळी तर नावालाही नाही. आणि गावातला सगळ्यात उत्तम कापा फणस आमच्याच विहिरीजवळ उभा. दर वैशाखात तो बुंध्यापासून लगडायचा आणि दर वैशाखात ते सगळे फणस शेजारच्या इब्राहिम परकारच्या घरी जायचे. परकार माझा शाळेपासूनचा मित्र. "तुमच्या आबांच्या पुण्याईवर आमच्या तीन पिढ्या पोसल्या," असं तो हाताचा चीक तेलानं पुसत मला ऐकवायचा.

आबा म्हणजे माझे पणजोबा, आक्काचे आणि भाऊकाकांचे आजोबा. पहिलं महायुद्ध चालू असताना ते काशीला गेले, तिथल्या एका अन्नछत्रात तीन वर्षं स्वयंपाक केला आणि गंगा घेऊन परतले. काशीला गेलं की आपल्या आवडीची एक गोष्ट तिथं सोडून यायची आणि जन्मात पुन्हा तिला शिवायचं नाही, असा रिवाज आहे. शहाणी माणसं कारलं सोडून येतात. आमच्या आबांनी फणस सोडला. नवरा खात नाही म्हणून पणजीनंही सोडला, सासू खात नाही म्हणून सुनेनं सोडला, आणि पुढे तो कुळाचारच झाला. एखाद्या खांबेट्यानं फणस खाल्ला तर नेमकं काय होईल, हे आमच्या पिढीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसल्यामुळेच सगळे घाबरून होते.

आबांनी आणलेली गंगा देवघरात होती. तांब्याचा ओंजळीत मावेल एवढा गडू, तोंड लाखेनं बंद केलेलं, अंगावर वर्षानुवर्षांच्या हळदकुंकवाचा थर. घरातल्या माणसाच्या शेवटच्या वेळी उघडायचा म्हणून तो ठेवलेला, पण तसा योग कधी आलाच नव्हता. माझे आजोबा मुंबईला नातेवाइकाकडे गेले असताना वारले, वडील चिपळूणच्या एसटी स्टँडवर बसल्या जागी. आणि आबांनी तर जाताना स्वतःसाठी तो उघडू दिला नव्हता. केवढा हा निरिच्छपणा, असं भाऊकाका नेहमी म्हणत.

भाऊकाका तेव्हा खांबेटे कुलवृत्तांताचे चिटणीस होते. आमच्या शाखेचं प्रकरण त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि मी हायस्कुलात इतिहास शिकवतो म्हणून मला तपासायला दिलं होतं. नाव होतं, 'काशीयात्री आबा आणि त्यांचा काळ'. त्यात आबा पायी काशीला गेले असं होतं.

"काका, तेव्हा रेल्वे होती की," मी विचारलं होतं.

"होती. पण आबांनी रेल्वेवर बहिष्कार घातला."

"कशावरून?"

"नाहीतर पायी का गेले असते?"

पुढे एका पानावर 'काशीस त्या काळी नदीकाठी खजुराच्या बागा होत्या व लोक टोपलीसारख्या वाटोळ्या होड्यांतून नदी ओलांडत' असं वाक्य होतं. ते त्यांनी आक्काच्या आठवणींतून घेतलं होतं. आबा तिला लहानपणी काशीच्या गोष्टी सांगत, त्यात हे असायचं. मी काशी पाहिली होती आणि तिथं खजूर फक्त दुकानात दिसला होता. वाक्याखाली मी लाल रेघ मारून ठेवली होती.

आक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिच्या काळातल्या विधवा बायकांचे जुने फोटो पाहा, लाल आलवणातली बोडकी डोकी दिसतील. आमच्या आक्काची वेणी मात्र ऐंशीच्या घरातही कमरेपर्यंत पोचत होती. पांढरीशुभ्र, रोज विंचरून घातलेली. तिचे केस कसे राहिले असं विचारलं की घरात एकच उत्तर मिळायचं, आबांच्या काशीच्या पुण्याईनं.

तर अशा घरात, अशा बाईनं फणस मागितला होता.

भाऊकाका मला ओटीवर घेऊन आले. "श्रीपाद, लक्षण बरं नाही. जन्मभर जे शिवलं नाही ते मागतेय. गंगा काढायला हवी."

"डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या," मी म्हटलं. "फणस मागच्या दारी पिकलाय."

"आणि शेवटच्या घटकेला तिच्या हातून आबांचं व्रत मोडायचं? अरे, तीच शुद्धीवर आली तर आपल्याला क्षमा करेल का?" त्यांचे डोळे भरून आले होते. भाऊकाकांची थट्टा करणं सोपं होतं, पण बहिणीवर त्यांचा जीव होता. "दुपारी चारला मुहूर्त बरा आहे. मी जरा पडतो. तोवर वृंदाला गडू घासून ठेवायला सांग. उघडण्याआधी फोटो घेऊ, कुलवृत्तांतात लागेल."

ते आडवे झाले आणि दोन मिनिटांत घोरू लागले.

वृंदा मागच्या पडवीत आमसुलं आणि राख घेऊन बसली. परकार त्याच वेळी विहिरीजवळ फणस उतरवत होता. मी आक्काचा विचार करत उभा होतो. एवढ्यात वृंदानं हाक मारली.

"अहो, या गडूवर खजुराचं झाड आहे."

हळदकुंकवाचे थर निघून खालचं तांबं लालबुंद झालं होतं. गडूच्या पोटावर छिन्नीनं कोरलेली नक्षी होती. खजुराची झाडं, मधून नदी, नदीत एक वाटोळी होडी आणि होडीत उभा माणूस. आणि गळ्याभोवती अरबी अक्षरं. आम्ही लहानपणापासून ती बोटांनी चाचपत आलो होतो आणि वेलबुट्टी समजत होतो.

परकार कोयता खाली ठेवून आला. त्यानं हात धुतले, गडू उजेडात धरला आणि डावीकडे फिरवत नेला.

"मास्तर," तो म्हणाला, "हे तुमच्या काशीला कोणी लिहिलं?"

"काय लिहिलंय?"

"बसरा."

"नीट वाच."

"नीटच वाचतोय. माझा आजा बोटीवर खलाशी होता, आमच्या घरात बसऱ्याची परात आहे, तिच्यावर हेच. गंगा नाही ही मास्तर. तुमचे आबा इराकात होते."

वृंदा तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. मी मात्र पडवीच्या पायरीवर बसलो. पहिलं महायुद्ध, तीन वर्षं, खजूर, वाटोळ्या होड्या. दर वर्षी मी नववीच्या वर्गाला फळ्यावर नकाशा काढून दाखवायचो की हिंदी फौजा बसऱ्यात उतरल्या आणि नदीकाठानं बगदादकडे निघाल्या. आणि त्या नकाशात माझे पणजोबा उभे होते, हे आत्ता कळत होतं.

"म्हणजे आबा काशीला गेलेच नाहीत," वृंदा म्हणाली. "म्हणजे त्यांनी काही सोडलंच नाही. म्हणजे आक्कांना फणस चालतो."

"चालतो काय, पळतो," परकार म्हणाला. मग त्याच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. "पण मास्तर, मग पुढच्या वर्षीपासून आमचं काय?"

मला मात्र दुसरीच पंचाईत दिसत होती. फणस द्यायचा तर आबांची काशी खोटी आहे असं सांगावं लागणार. आणि काशी खोटी, तर गडूतली गंगाही खोटी. शेवटच्या घटकेला ती गंगा मिळणार म्हणून जी बाई जन्मभर त्या गडूला हात जोडत आली, तिला आत्ता, एवढ्या तापात, हे सांगायचं? फणस दिला तर गंगा जाते, गंगा राखली तर फणस जातो. आणि आतल्या खोलीत भाऊकाकांचं घोरणं कधी थांबेल याचा नेम नव्हता.

"आधी गडूला हळद लाव," मी वृंदाला सांगितलं. "भरपूर."

आणि मी आक्काच्या खोलीत गेलो. ती जागीच होती.

"आक्का, एक विचारू?"

"विचार. आज सगळ्यांनी विचारायचं ठरवलंयत."

"आबा काशीला गेले होते का गं?"

तिनं एक डोळा उघडला. "भाऊ कुठाय?"

"झोपलेत."

"दार लोटून घे."

मी दार लोटलं. ती उशीला टेकून जरा वर सरकली. तापानं चेहरा उतरला होता, पण त्या एका डोळ्यात चक्क खट्याळपणा होता. "गडू घासलात वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मला नसेल तर कोणाला असेल? आबा मुंबईला खानावळीत स्वयंपाकी होते. तिथून सरकारनं लढाईवर नेलं. लढायला नव्हे हो, भात शिजवायला. बसऱ्याला हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं, तिथल्या चुलीवर."

"मग त्यात काशी कुठून आली?"

"समुद्र ओलांडलेला, बारा जातींच्या पंक्तीला रांधलेलं. तेव्हाच्या कुडवळात घरात घेतलं असतं होय त्यांना? दाभोळला बोटीतून उतरले तर गावची माणसं धक्क्यावर हजर. कुठं होतात इतकी वर्षं? आबांच्या तोंडून निघालं, काशीला. हातात गडू होताच. लगेच कोणीतरी विचारलं, काय सोडलंत? आता एवढा पुढचा विचार त्यांनी केला नव्हता. समोरून एक बाई डोक्यावर फणस घेऊन चालली होती."

"आणि ते फणस म्हणाले."

"म्हणाले. घरी येऊन कपाळ बडवून घेतलं. फणसासाठी जीव टाकणारा माणूस तो. मला म्हणायचे, आक्के, त्या बाईच्या डोक्यावर दुधी असता तर माझं कल्याण झालं असतं."

मला हसू आवरेना. आक्काही हसली, हसता हसता तिला खोकला आला. मी पाणी दिलं.

"मग तू का नाही खाल्लास?" मी विचारलं. "तुला सगळं ठाऊक होतं. परकारांच्या मागच्या दारानं कोणी पाहिलंही नसतं."

वेणी पाठीखाली अडकली होती ती तिनं सोडवून पुढे घेतली.

"माझं सासर फणसाचं होतं," ती म्हणाली. "लग्न मार्गशीर्षात झालं. सासूबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, येऊ दे वैशाख, हवा तेवढा खा, इथं तुला कोणी अडवणार नाही. फाल्गुनात मी परत आले."

"मला माहीत आहे, आक्का."

"पुढचं माहीत नाही तुला. मला माजघरात बसवलं होतं. न्हावी परसात येऊन थांबला होता, वस्तरा घेऊन. ओटीवर गावातली मोठी माणसं, त्यांच्यात विष्णुभटजी. माझे वडील मान खाली घालून उभे. सगळे म्हणतायत, आता उशीर नको. मी दाराच्या फटीतून बघत होते. तेवढ्यात आबा देवघरातून तो गडू घेऊन बाहेर आले आणि मधोमध ठेवला."

"गडू?"

"हं. म्हणाले, पोरीच्या केसांना हात लागला तर मी आत्ता देवळापुढे जाऊन सांगतो की मी काशीला नव्हतो, बसऱ्याला होतो. तिथं कोणाकोणाच्या हातचं पाणी प्यालो तेही सांगतो. आणि परत आल्यावर मी गावजेवण घातलं, स्वतः रांधलं, स्वतः वाढलं, तेव्हा पंक्तीला कोण कोण बसलं होतं त्यांची नावंही घेतो. मग आपण सगळे मिळून प्रायश्चित्त घेऊ. एकत्रच मुंडण करू, न्हावी आलेलाच आहे."

काशीची पुण्याई म्हणजे ही होती तर.

"मग?"

"मग काय. त्या पंक्तीला सगळ्यात जास्त लाडू विष्णुभटजींनीच खाल्ले होते. ते म्हणाले, पोर अजून लहान आहे, पुढे बघू. न्हाव्याला घरी पाठवलं. ते 'पुढे' कधी आलंच नाही." तिनं वेणीवरून हात फिरवला. "ज्या थापेनं माझे केस राखले, ती मी चार गऱ्यांसाठी मोडू होय? मी फणस खाल्ला असता तर लोक म्हणाले असते, आबांच्या काशीचं काही खरं नाही. म्हणून नाही खाल्ला. आबांनी नाही खाल्ला, मी नाही खाल्ला. आम्ही दोघं ओटीवर बसायचो आणि ते मला सांगायचे, कापा कसा लागतो, बरका कसा लागतो. तोंडी सगळा खाऊन झालाय माझा."

"आणि आज मागितलास."

"डॉक्टर दाराशी बोलला ते ऐकलं मी. माझे कान भाऊसारखेच तिखट आहेत. जायच्या आधी एकदा कळायला नको का, आबांनी काय सोडलं ते?"

मला पुढचं विचारायचं धाडस होत नव्हतं, पण विचारलं. "आणि गंगा? आक्का, त्या गडूत गंगा नाही."

"कोण म्हणतं नाही? इस्पितळात शिपाई मरायला टेकले की गंगा मागायचे. मराठे, जाट, डोगरे, सगळे. तिथं कुठली गंगा? आबा या गडूत तिथल्या नदीचं पाणी भरायचे, त्यांच्या तोंडात घालायचे आणि सांगायचे, गंगा आहे बाळा. ती गंगा पिऊनच गेले सगळे. एकानंही म्हटलं नाही की ही नव्हे." ती दमली होती, पण आवाज स्वच्छ होता. "आबांनी स्वतःला का नाही घेतली, ठाऊक आहे? म्हणाले, मला ती थाप आतून माहीत आहे, मला लागू पडायची नाही. मला मात्र तीच हवी. पण आत्ता नको. आत्ता फणस."

"फणसही हवा आणि आबांची काशीही राहायला हवी. हे जमायचं कसं?"

"ते माझ्यावर सोड," आक्का म्हणाली. "आबांची नात आहे मी."

चार वाजता भाऊकाका सोवळं नेसून, फुलपात्र आणि पळी घेऊन आले. मागून वृंदा गडू घेऊन आली. त्यावर तिनं एवढी हळद थापली होती की तांबं दिसत नव्हतं.

"घासायला सांगितलं होतं ना?" भाऊकाका म्हणाले.

"घासला. मग पूजा केली," वृंदा म्हणाली.

भाऊकाका आक्काच्या उशाशी बसले आणि लाखेला सुरी लावणार एवढ्यात आक्कानं खाडकन डोळे उघडले. "भाऊ, थांब. आबा आले होते."

भाऊकाकांच्या हातातली सुरी तशीच राहिली. "कुठं?"

"इथं. आत्ता. तू बसलायस ना, तिथंच."

भाऊकाका पटकन उठून दुसऱ्या बाजूला बसले. आमच्या घरात दृष्टांतापुढे कोणाचं काही चालत नाही. "काय म्हणाले?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"म्हणाले, गडू आज उघडायचा नाही, वेळ झाली की मी सांगेन."

"बरं."

"म्हणाले, मी फणस सोडला तो माझ्यापुरता. माझ्यामागून तुम्ही सगळ्यांनीही सोडलात, तुमच्या भक्तीचं मला कौतुक वाटलं, म्हणून बोललो नाही. आता पुरे झालं. आता फणस धरा. आणि पहिला गरा आक्कानं खावा."

भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहत होतो. वृंदा दाराआड गेली होती.

"दिसत कसे होते?" भाऊकाकांनी विचारलं. शेवटी ते चिटणीस होते.

"जसे होते तसेच. उपरणं, हातात काठी. तुझी आठवण काढली त्यांनी."

"माझी?"

"म्हणाले, भाऊला सांग, प्रकरण फार छान लिहिलंयस. मी एवढा मोठा होतो हे मलाच माहीत नव्हतं. फक्त तेवढे खजूर आणि वाटोळ्या होड्या काढून टाक. ते मी पोरीला रमवायला सांगितलं होतं."

भाऊकाका ढसाढसा रडायला लागले. आपलं लिखाण आबांनी वाचलं, याहून मोठी पावती त्यांना जन्मात मिळाली नसती. डोळे पुसत त्यांनी स्वतःच मला हुकूम सोडला, "श्रीपाद, बघतोस काय? फणस आण."

परकारनं तो आधीच कापून ठेवला होता. घरात फणसाची विळीसुद्धा नव्हती, तीही त्याचीच. त्यानं गरे काढून, आठळ्या वेगळ्या करून केळीच्या पानावर मांडून दिले आणि दाराशी उभा राहिला. घरभर वास सुटला. वृंदानं एक गरा आक्काच्या हातात दिला.

आक्कानं तो आधी उजेडात धरून पाहिला, मग चावला. कापा गरा, त्यामुळे कचकन आवाज झाला. ती सावकाश चावत राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं, आता काहीतरी गमतीचं बोलेल. एवढी वर्षं वाट पाहिलेली वस्तू हाती आली की बहुधा साधीच निघते.

तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"आक्का, काय झालं?" भाऊकाका घाबरले.

"एवढं सोडलं होतं म्हाताऱ्यानं?" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि फक्त मला कळेल असं बोलली, "मला वाटायचं, सोपं होतं रे त्यांना. सोपं नव्हतं. रोज त्या झाडाखालून विहिरीवर जायचे."

मला आबांचा चेहरा माहीत नाही, त्यांचा फोटो नाही. पण त्या क्षणी ते मला दिसले. न केलेल्या काशीयात्रेचं व्रत मरेपर्यंत पाळणारा, त्या व्रताच्या जोरावर नातीचे केस वाचवणारा आणि मागच्या दारी पिकलेल्या फणसाकडे पाठ करून पाणी काढणारा माणूस. मला रडू आलं ते मी लपवलं नाही.

"आणखी एक दे," आक्का म्हणाली. "आणि त्या इब्राहिमला आत बोलवा. तोंड बघा कसं झालंय त्याचं. अर्धे फणस तुमचेच रे, घाबरू नको."

तिचा ताप दोन दिवसांनी उतरला. डॉक्टरांनी नव्या गोळीचा गुण सांगितला, भाऊकाकांनी दृष्टांताचा. कुलवृत्तांत पुढच्या वर्षी छापून झाला. त्यात खजूर नाहीत, होड्या नाहीत, आक्काचा दृष्टांत मात्र तळटीपेत आहे. आबा त्यात अजूनही पायीच काशीला जातात. मी शाळेत नकाशा काढताना बसऱ्यापाशी एक जास्तीचा ठिपका द्यायला लागलो. तो कशाचा म्हणून एका मुलीनं विचारलं, तर मी तिला इस्पितळाचं स्वयंपाकघर असं सांगितलं. ते खरंच होतं.

आक्का त्यानंतर बरेच वैशाख जगली आणि प्रत्येक वैशाखात तिनं फणस खाल्ला. गेली ती पावसाळा संपल्यावर, अंथरुणाला फारशी न खिळता. त्या सकाळी तिनंच मला खूण केली. भाऊकाका पलीकडे बसून स्तोत्र म्हणत होते. मी गडूची लाख फोडली. तळाशी पळीभर पाणी उरलं होतं. वृंदानं तिची वेणी उशीवर नीट सरकवली. मी पळी तिच्या ओठांशी नेली.

"आक्का, गंगा," मी म्हटलं.

तिनं एक डोळा उघडला.

"आबांचीच ना?"

"हो."

मग तिनं तोंड उघडलं.